टाळीनंतरची जागा

धुळे
१२ जून २०२५

प्रिय धनकुंवर,

तुझं पत्र मिळालं. कानाच्या यंत्राचा आता काही उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले, हे वाचून वाईट वाटलं. पण आपलं काही अडत नाही. फोनवर तू "काय? काय?" करायचीस, मी ओरडायचे, आणि शेजारणीला वाटायचं की आमचं भांडण जुंपलंय. कॉलेजच्या सुट्ट्यांत आपण पत्रंच लिहायचो. आताही तेच करू.

तुझ्या नातीनं, जिनलनं, माझ्या भावाची जुनी कॅसेट यूट्यूबवर चढवली आणि ती आता कुठं कुठं ऐकली जाते, यावर तू चार पानं भरलीस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

ती कॅसेट माझ्यापुरती मला चांगली आठवते. प्रेमराज तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. फैजपूरला केळी पिकवायच्या खोलीत कोंडून घेऊन त्यानं ती भरली. स्वतः गिटार, मित्र भिकन खताच्या रिकाम्या ड्रमवर, आणि मागं विहिरीवरच्या मोटरीची घरघर. नाव 'थ्री फेज'. एका गाण्यात तो केळीचे भाव वाचून दाखवतो, तेही रडवेल्या आवाजात. एकात गाणंच नाही, नुसती मोटर. मी तेव्हा म्हटलं होतं की हा गोंगाट आहे. आजही म्हणते.

फैजपुरात कार्यक्रम केला तर लोकांनी साली फेकल्या. केळीच्याच, तिथं दुसरं काय मिळणार? एका वर्तमानपत्रानं छापलं, 'वीजटंचाईविरुद्ध तरुणांचा अभिनव निषेध'. बाकी कोणी काही बोललं नाही. त्यानंतर प्रेमराज गायचा थांबला, तो कायमचा. घरच्या आरतीतही तो तोंड उघडत नाही, नुसती टाळी वाजवतो.

आणि आता मुंबईची एक कंपनी त्याची मोठी काळी तबकडी काढणार म्हणते. रविवारी फैजपूरला गेले होते. गिटार माळ्यावरून खाली आलंय, नव्या तारा लावल्यात. वहिनी म्हणाली, न्हाणीत गुणगुणतात. चोपन्नाव्या वर्षी माझा भाऊ गुणगुणतोय, धनकुंवर. गाणं मला गोंगाट वाटतं. हे गुणगुणणं वाटत नाही.

जिनलला माझा आशीर्वाद सांग. आणि उत्तर लवकर दे, तुझी सवय मला माहीत आहे.

तुझी,
दिपमाला


पिंप्राळा, जळगाव
२५ जून २०२५

प्रिय दिपा,

बघ, लवकर लिहितेय. पण या पत्रात गोड आणि कडू दोन्ही आहे. गोड आधी वाढते, आमच्याकडची रीतच तशी.

जिनल सुट्टीला आली ती पुण्याच्या तीन मैत्रिणी घेऊन. त्यांचा बँड आहे. त्यांना आमच्या घरातली 'थ्री फेज'ची कॅसेट बघायची होती. यांच्या कपाटात एक उरली होती, ती मी काढून दिली. एका मुलीनं आधी हात धुतले, मग ती हातात घेतली. मी म्हटलं, अगं, ही काय पोथी आहे? तर तिनं वहीत लिहून दाखवलं, आजी, आम्ही वाजवायला शिकलो ते यातली मोटर ऐकून. त्या घरघरीच्या सुरात त्यांनी गिटार लावलं म्हणे. शिलाँगची मुलं यातलं अहिराणी गाणं म्हणतात, अर्थ कळत नाही तरी. नाशिकच्या एकीनं कांद्याच्या भावाचं गाणं केलं. एका माणसानं लिहिलंय की आपल्या देशात असं आधी कोणी वाजवलं नव्हतं आणि पुढं सगळ्यांनी यातूनच उचललं. मला काही ऐकू येत नाही, पण त्या पोरींचे चेहरे दिसत होते. देवळात बसल्यासारख्या बसल्या होत्या.

आता कडू. त्यातलं पहिलं गाणं, 'थांब वं माय', ते प्रेमराजचं नाही असं कोणीतरी लिहिलंय. धुळ्याकडच्या बायका श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीवर तेच म्हणतात, शब्दाला शब्द. त्याचा व्हिडिओ टाकलाय. त्या म्हणतात, आमच्या आज्यांच्या वेळचं आहे. झालं, लोक तुटून पडले. देवीचं गाणं चोरलं, गरीब बायकांचं चोरलं, चोर, चोर. कंपनीनं काम थांबवलंय. गाणं कोणाचं ते ठरल्याशिवाय तबकडी निघणार नाही.

दिपा, एक विचारते, रागावू नकोस. त्यानं ते खरंच बायकांकडून घेतलं होतं का?

तुझी,
धनकुंवर


धुळे
३ जुलै २०२५

धनकुंवर,

रागावले. पण उत्तर देते.

नाही. घेतलं नव्हतं.

आमचं वावर गावापासून लांब. त्या दिवसांत लोडशेडिंगमुळे लाईट संध्याकाळ उलटल्यावर कधीतरी यायची. प्रेमराजला मोटर चालू केल्याशिवाय निघता यायचं नाही आणि आईला घरी गुरांची काळजी. ती थांबायची नाही. अनवाणी, अंधारात पुढं निघायची. बॅटरी एकच, ती याच्या हातात. तो विहिरीवरून ओरडायचा, थांब. ते ओरडणं म्हणजेच ते गाणं:

थांब वं माय, थांब जराशी,
लाईट येवानी बाकी शे.
वाट अंधारी, पाय उघडा,
मना हातमा बत्ती शे.

आमच्या ओसरीवर बसून त्यानं त्याला चाल लावली. मी शाळेचे पेपर तपासत होते, त्याला दोनदा गप्प बस म्हटलं. यात कानबाई कुठून आली?

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं गिटार उचललं आणि माळ्यावर ठेवलं. वहिनी सांगते, कामावरून आला की जुन्या पिकवणीच्या खोलीत जाऊन उभा राहतो. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "अक्का, ऱ्हाऊ दे." 

शेजारणीकडून माझ्या फोनवर तो व्हिडिओ लावून घेतला. बायका छान म्हणतात, माझ्या भावापेक्षा सुरात. पण गाणं पुरं करत नाहीत. 'मना हातमा' म्हणतात, सगळ्याजणी एकदम एक टाळी वाजवतात, आणि गप्प. ओळ अर्धी सोडून कोणी थांबतं का? मला याचा उलगडा होत नाही.

एवढं मात्र पक्कं, की गाणं कॅसेटमधून त्यांच्याकडे गेलं, त्यांच्याकडून कॅसेटमध्ये आलं नाही. पण गेलं कसं? न खपलेल्या सगळ्या कॅसेट तुमच्या दुकानात, ज्ञानचंदभाऊंकडे पडून होत्या. त्यांचं पुढं काय झालं? आठवून लिही. गुळमुळीत लिहू नकोस.

दिपमाला


पिंप्राळा, जळगाव
१२ जुलै २०२५

प्रिय दिपा,

हे तू कधीतरी विचारशील याची मला धास्तीच होती. हे आता नाहीत, म्हणून मलाच सांगायला हवं.

तुला आमचं दुकान माहीत आहे. माल फेकायचा नाही, हे आमच्या सासऱ्यांपासूनचं. तुटका रेडिओ असला तरी त्याचा स्क्रू विकायचा. प्रेमराजच्या कॅसेट वर्षभर कोणी उचलल्या नाहीत. तेव्हा बाजारात कोऱ्या कॅसेटला मागणी फार. लोक घरातलं काय काय भरायचे, बाळाचं रडणं, लग्नातली भाषणं. भरलेल्या कॅसेटच्या कडेला दोन खाचा असतात, त्यामुळं तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की भरता येतं. यांनी दुपारी बसून सगळ्यांवर पट्ट्या लावल्या. मीही लावल्या, खोटं कशाला बोलू. आणि कोऱ्या म्हणून स्वस्तात काढल्या. धुळ्याकडच्या आठवडे बाजारांत फिरणारा लोटन नावाचा विक्रेता होता, त्यानं गठ्ठाच नेला.

प्रेमराज आला तेव्हा यांनी त्याला सांगितलं, सगळ्या खपल्या. खोटं नव्हतं. तो किती खूश झाला. त्यानं यांचे पाय धरले. नंतर तो वाट बघत राहिला असणार की विकत घेणारा कोणीतरी भेटेल, काहीतरी बोलेल. कसं बोलणार? त्यांनी ऐकलीच नव्हती.

मला वाटतं, दिपा, तो साली फेकल्या म्हणून गप्प झाला नाही. सगळ्या खपल्या आणि एकही माणूस बोलला नाही, म्हणून झाला.

तुझी,
धनकुंवर


धुळे
२१ जुलै २०२५

प्रिय धनकुंवर,

तुझ्यावर चिडायला मला वेळ नव्हता. पत्र वाचलं, पिशवी घेतली आणि न्याहळोदची एसटी पकडली. व्हिडिओतल्या बायका तिथल्याच.

त्यांच्यात पुढं होऊन म्हणणारी कमलबाई. पन्नाशीची, ठसठशीत बाई. मला बसवलं, चहा दिला आणि मी कोणाची कोण ते आधी काढून घेतलं. मी प्रेमराजचं नाव सांगितलं नाही. कानबाईची गाणी ऐकायची आहेत, एवढंच बोलले. मग गाण्याचं विचारलं.

"हाई गानं आमनी सासूनी सासू म्हने," ती म्हणाली. "देवीनं शे. जुनं शे."

सासूच्या सासूनं म्हटलेलं तिनं ऐकलंय का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे मास्तरणीकडे बघतात तसं पाहिलं. ऐकलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या एका श्रावणात तिचे सासरे, कौतिक आबा, यांनी बाजारातून कोरी कॅसेट आणली होती. नदीवर म्हणायच्या गाण्यांच्या क्रमावरून बायकांत दरवर्षी वाद व्हायचा, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना बसवून त्यांनी सगळी गाणी ओळीनं भरून घेतली. वाद झाला तर कॅसेट लावायची. गावातल्या मुली सासरी जाताना ती उतरवून घेऊन गेल्या. आता पांझरेच्या काठच्या बऱ्याच गावांत हाच क्रम चालतो.

ती कॅसेट कुठं आहे, विचारलं. कमलबाई उठली, हात धुतले आणि देव्हाऱ्यातून लाल फडक्यात गुंडाळलेली कॅसेट आणली. कडेच्या दोन्ही खाचांवर चिकटपट्टी होती. तुझ्या हातची का ज्ञानचंदभाऊंच्या, देव जाणे. खरवडलेल्या कागदावर 'थ्री फे' एवढं वाचता येत होतं.

तिच्याकडे टेप आहे, केवळ त्याच्यासाठी जपलेला. तिनं लावला. आधी मोटरीची घरघर. मग ड्रम. मग माझ्या भावाचा आवाज, सत्तावीस वर्षांचा. थांब वं माय. मी हातातला कप खाली ठेवला. तो 'मना हातमा' म्हणाला आणि मोठ्यानं खट् असा आवाज झाला. मग क्षणभर काहीच नाही. आणि पुढं म्हाताऱ्या बायकांचं गाणं सुरू झालं.

समजलं तुला? कौतिक आबांनी कॅसेट चालते का ते आधी वाजवून पाहिलं. चालते म्हटल्यावर जिथं होती तिथूनच भरायचं बटण दाबलं. तो खट् बटणाचा आहे. सगळ्या गावाची टाळी म्हणजे ते बटण आहे, धनकुंवर. 

कमलबाईला मी टाळीचं विचारलं. ती समजावून सांगू लागली, जणू मी लहान आहे. 'मना हातमा' म्हणेपर्यंत देवीचा पाट हातात असतो. "टाळी वाजनी की मायना पाय पानीले लागना. मंग बोलनं नहीं." हातात काय होतं ते म्हणायचं नाही, कारण ते आता सोडलं. आणि हा गाणारा माणूस कोण? "कोनी भगत व्हई. मरी गया व्हई आते."

माझा भाऊ फैजपूरला केळीचे घड मोजतोय आणि इथं तो दिवंगत भक्त आहे.

मी कमलबाईला काही सांगितलं नाही. कॅसेट मागितली. तिनं ती पुन्हा लाल फडक्यात गुंडाळली. मग कानबाईच्या आधी परत आणायच्या बोलीवर दिली. ती आत्ता माझ्या टेबलावर आहे. चिकटपट्टी, नाव, आवाज, सगळा पुरावा. चोर म्हणणाऱ्यांची तोंडं मी बंद करणार. पण आधी प्रेमराजला विसर्जनाला घेऊन जाते. त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू दे.

दिपमाला


धुळे
६ ऑगस्ट २०२५

प्रिय धनकुंवर,

कसं लिहावं ते दोन दिवस सुचत नव्हतं. मला असं होत नाही.

शनिवारीच कॅसेट नेऊन दिली, शब्द दिला होता म्हणून. जिनलनं शिकवलं होतं तसे फोनवर कॅसेटचे फोटो आणि आवाज मात्र घेऊन ठेवले. सोमवारी प्रेमराजला फैजपूरहून बोलावून घेतलं आणि वाटेत गाडीत त्याला सगळं सांगितलं. चिकटपट्ट्यांचंही. त्यानं फक्त एवढं विचारलं, "म्हंजे कोनीच ऐकेल नव्हतं?" मी म्हटलं, नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे खांदे सैल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं मोकळं बसलेलं पाहिलं नव्हतं.

कमलबाईच्या घरी रविवारचे रोट, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, झालेले होते. आम्हाला चहा मिळाला, रोट नाही. ते बरोबरच आहे, रोट भाऊबंदांपलीकडे जात नाही, लेकीलाही देत नाहीत. मी प्रेमराजला हळूच म्हटलं, बघ, ज्या घरचा तुकडा उंबऱ्याबाहेर जात नाही, त्या घरात तुझं गाणं कोणाला न विचारता देव्हाऱ्यात जाऊन बसलं. तो हसला नाही. त्या लाल फडक्याकडे बघत राहिला.

मग मिरवणूक निघाली. पुढं डफ, मागं पाट डोक्यावर घेतलेल्या बायका, गुलाल, पोरं, म्हातारे. आम्ही दोघं कडेनं. पांझरेला पाणी चांगलं होतं. काठावर सगळे थांबले आणि डफही थांबला. मला वाटलं, आता सुरू होईल. झालं नाही. आधी त्यांनी तोंडानं घरघर काढली. ओठ मिटून, सगळ्याजणींनी, खालच्या पट्टीत. व्हिडिओत ती आली नव्हती. ती मोटर होती, धनकुंवर. आमच्या विहिरीवरची. त्यांना वाटतं देवी येते तेव्हा असा आवाज होतो.

प्रेमराजनं माझा हात धरला. लहानपणी विहिरीत वाकून बघताना धरायचा तसा.

थांब वं माय, थांब जराशी. शंभर-दीडशे बायका. काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आमची आई चौथी शिकलेली, अनवाणी, गुरांच्या काळजीनं भराभरा चालणारी. तिला थांब म्हणून कोणी इतकं विनवलं नव्हतं. ती कधी थांबलीही नाही. वाट अंधारी, पाय उघडा. पाट पाण्यावर आले. मना हातमा.

टाळी.

त्या टाळीत प्रेमराजचीही टाळी होती. बरोबर त्या क्षणी. पुढचे शब्द त्याच्या एकट्याकडे होते त्या सगळ्या गर्दीत, आणि तो गप्प राहिला. पाणी वाहताना ऐकू येत होतं. एक पोर खोकलं तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी देवधर्म फारसा मानत नाही, तुला माहीत आहे. मी मान खाली घातली.

परतताना मी त्याला म्हटलं, फोटो आहेत, आवाज आहे, उद्याच कंपनीला पाठवू, गाण्यावर तुझं नाव लागेल. तो म्हणाला, नको. मी चिडले. म्हटलं, लोक तुला चोर म्हणतायत, गप्प बसलास तर ते खरं धरतील.

"अक्का," तो म्हणाला, "माय पानीमा चालनी. तिले इचारू का, गानं कोनं शे?"

मग थोडं चालून झाल्यावर म्हणाला की 'बत्ती शे' ही ओळ त्याला तेव्हाही पटली नव्हती. यमक जुळवायला घातली होती. हातात काय आहे ते सांगायचंच नव्हतं, पण कसं थांबायचं ते त्याला सुचलं नाही. "मनापेक्षा यासनं बेस शे." त्याच्यापेक्षा या बायकांचं चांगलं, म्हणे.

निघताना कमलबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या भावाची टाळी बरोबर पडली, तुमच्या घरी कानबाई असते का? मी म्हटलं, नाही, पण त्याला हे गाणं येतं.

मी फोटो पुसून टाकले. आवाजही. मला ते पटलेलं नाही, हे लिहून ठेवते. पण गाणं त्याचं, निर्णय त्याचा.

तुझी,
दिपमाला


पिंप्राळा, जळगाव
९ सप्टेंबर २०२५

प्रिय दिपा,

तुझं पत्र मी जिनलला वाचायला दिलं आणि ती अंगणात जाऊन बसली ती जेवायलाच आली.

पुढचं तुला प्रेमराजनं सांगितलं असेलच, तरी माझ्याकडचं ऐक. तबकडी निघणार. पहिल्या गाण्याखाली 'पारंपरिक, कानबाईचं' असं छापायला त्यानंच सांगितलं. चोर म्हणणारे म्हणतात, बघा, कबूल केलं. जिनल चवताळली होती. मी तिला म्हटलं, बेटा, तुझ्या आजोबांनी ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून चिकटपट्टी लावली, त्याला आज नदीकाठचं गाव हात जोडतंय. याच्यावर आणखी कोणता शिक्का मारायचा?

पण त्यानं एक अट घातली. जुनं गाणं घ्यायचं नाही, ते तो नव्यानं म्हणणार. जिनल फैजपूरला गेली होती. त्याच पिकवणीच्या खोलीत. भिकनही आला, त्याला आता गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, तर खुर्चीवर बसून ड्रम बडवला. प्रेमराज गायला, दिपा. जिनल म्हणते, आवाज जाड झालाय, पण थांब म्हणतो तेव्हा माणूस जागच्या जागी थांबतो. 'मना हातमा'पर्यंत म्हणाला, एक टाळी वाजवली आणि गप्प झाला.

मुंबईच्या माणसानं विचारलं, ही रिकामी जागा किती वेळ ठेवायची? प्रेमराज म्हणाला, पाट पाण्याला टेकेपर्यंत. तो माणूस म्हणे घड्याळाकडे बघत राहिला. जिनलनं त्याला घड्याळ खाली ठेवायला लावलं.

काल तिनं ते मला वाजवून दाखवलं. मला काय ऐकू येणार? मी स्पीकरवर हात ठेवला. मोटर हाताला लागली, ड्रम लागला, मग टाळीचा एक ठोका, मग काही नाही. मी जिनलकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती. तिच्या कानात आणि माझ्या कानात त्या वेळी सारखंच होतं.

तुझी,
धनकुंवर